श्रावण लाउडस्पीकरवाल्याची पेटी

ऐकू न येणाऱ्या बापाला रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून भेट द्यायचा, हा बेत मी ज्याला ज्याला सांगितला त्यानं आधी माझ्याकडे नीट बघितलं आणि मग विषय बदलला. कारखान्यातला अनुप तेवढा तोंडावर बोलला. "मॅडम, त्यापेक्षा मोठा टीव्ही घेऊन द्या ना. निदान चित्रं तं दिसतीन." त्या दिवशी मी त्याच्याशी उरलेली अख्खी शिफ्ट बोलले नाही. माझा राग असाच आहे, लवकर येतो आणि जाताना रेंगाळतो.

माझे बाबा म्हणजे अकोल्याचे श्रावण लाउडस्पीकरवाले. जयंती असो, लग्न असो, नामकरण असो, झाडावर भोंगा बांधायचा आणि खाली मांडवात रेकॉर्ड प्लेअरची पेटी उघडून बसायचं, हे त्यांनी वीस-बावीस वर्षं केलं. मग कॅसेटी आल्या, त्यानंतर डीजे आले. भोंगे भंगारात गेले, बाकीचं सामान विकलं, आणि घरात ही एक पेटी राहिली. सागवानी फळ्यांची, झाकणावर पिवळ्या रंगात 'श्रावण साउंड सर्व्हिस' लिहिलेली, आतच मोटर आणि पुढच्या जाळीमागे आतच स्पीकर.

कान त्यांचे लहानपणापासून वाहायचे. वय वाढलं तसं ऐकणं कमी होत गेलं आणि अकरा वर्षांपूर्वी पार थांबलं. डॉक्टर म्हणाले, आतली नस चांगली आहे, फक्त आवाज आत जायचा रस्ता बंद झालाय. दोन ऑपरेशनं केली, टिकली नाहीत. कानात मशीन बसवलं की आठ दिवसांत कान पिकायचा. शेवटी बाबांनी ते मशीन डबीत ठेवलं आणि डबी कपाटात. तेव्हापासून आम्ही त्यांच्याशी ओरडून बोलतो, आणि ओठांकडे बघून ते अर्धंमुर्धं ओळखतात.

ऐकणं गेलं तरी पहिली पाच वर्षं माणूस बोलता होता. माझी चेष्टा करायचे, आईच्या भाजीला नावं ठेवायचे. सहा वर्षांपूर्वी तेही बंद झालं. हो, नाही, पुरे, एवढंच उरलं. वय झालं, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. रोज सकाळी दिवाणाखालून ती बंद पडलेली पेटी ओढायची, फडक्यानं पुसायची, परत आत सरकवायची, एवढं एकच काम ते मन लावून करायचे. मला तेवढाच धागा दिसत होता. वाटलं, पेटी चालती झाली, तबकडी डोळ्यांसमोर फिरली, तर निदान हाताला जुनं काम मिळेल आणि माणूस दोन शब्द बोलेल. मला माझे बाबा परत हवे होते. दुसरं काही नव्हतं.

एक जुलैला त्यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. जन्मतारीख अर्थात शाळेच्या मास्तरांनी लावलेली, पण दुसरी कुठून आणायची? बुद्धपौर्णिमेला ते विहारात गेलेले असताना मी पेटी चादरीत गुंडाळली. आईला, म्हणजे सुंदराबाईंना, विचारलं तर ती म्हणाली, "घेऊन जाय. पन जशी होती तशीच कर. तुई हुशारी नोको लावू त्याच्यात."

"आई, मी मेंटेनन्सला आहो. मशीनच पायतो दिवसभर."

"म्हनूनच सांगून राहिली."

बाबांनी विचारलं तर वाळवीमुळे पॉलिशला दिली असं ओरडून सांगायचं, हे आमचं ठरलं.

मी अमरावतीत एकटी राहते. नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात मागांची देखभाल करते. माग थरथरला की धागा तुटतो, धागा तुटला की कापडात दोष येतो, आणि दोष आला की सगळे माझ्याकडे बघतात. म्हणून गेली चौदा वर्षं मी थरथर मारायचं काम करते. कुठे रबर घालायचं, कुठे लोकरीचं जाड फेल्ट, कुठला बोल्ट किती आवळायचा, हे मला झोपेतही सांगता येईल. शेजारीण म्हणते, मायाबाई, तुमच्या घरात तर कुकरसुद्धा हळू शिट्टी देतो.

पेटी उघडली तर आत उंदरांनी कापूस, चिंध्या आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचे तुकडे आणून संसार थाटला होता. मोटर जळलेली, रबरी चाक दगड झालेलं, वायरी उघड्या. उजव्या बाजूच्या फळीची वरची कड बोटभर लांब कुरतडलेली. मी मनातल्या मनात उंदरांना शिव्या दिल्या आणि कामाला लागले. दीड महिना सुट्टीचा प्रत्येक दिवस त्या पेटीत गेला. मोटर गुंडाळून आणली, रबरी चाक नवीन बनवलं, तबकडी फिरते त्या दांड्याला कारखान्यातलं चांगलं जाड ग्रीस भरलं.

सुई मात्र मिळेना. शेवटी जुन्या बाजारातल्या गोवर्धनकाकांचा पत्ता लागला. रेडिओ दुरुस्त करायचे, आता दुकानात नुसते बसतात. त्यांनी पत्र्याच्या डब्यातून सुई काढली, स्वतः बसवली, आणि मी सोबत आणलेली तबकडी उजेडात धरली. जयंतीच्या गाण्यांची मोठी तबकडी होती, बाबांची लाडकी.

"काय काम करते तू?"

"कापडाच्या कारखान्यात आहो, काका."

"मंग तुले समजन. हे पाय, ह्या लय रेघा दिसून राहिल्या ना? लय नाई. एकच हाय. भाईरून आत गेली, कुठीच न तुटता. सोडवून लांब केली तं अर्धा किलोमीटर भरन. एकच धागा."

माझ्या पर्समध्ये कापडाचे धागे मोजायचं भिंग असतं. ते मी तबकडीवर ठेवलं आणि डोळा लावला.  रेघ सरळ नव्हतीच. ती हलत होती. म्हणजे हलायची थांबलेली होती. कुठे बारीक लहरी, कुठे मोठे झोके, मध्येच अगदी सरळ, जिथे गाणाऱ्यानं श्वास घेतला असेल. कधीतरी एक माणूस छाती भरून गायला आणि ती छाती हलली ती इथे तशीच्या तशी पडून होती, केसाएवढ्या रेघेत. मी रोज हजारो धागे बघते. असा एकही बघितला नव्हता. काका नुसते हसले. त्यांना माहीत होतं मला काय दिसतंय ते.

त्या दिवसापासून माझ्या हाताला वेगळाच भक्तिभाव आला, आणि त्याच भरात मी माझी हुशारी लावली. मोटरखाली मागाचे रबरी पॅड कापून बसवले. स्पीकरभोवती रबराचं कडं घातलं. पेटीच्या आतून चारी बाजूंनी फेल्ट चिकटवलं. कुरतडलेली कड लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरली, घासली, वर पॉलिशचे तीन हात दिले. मग तबकडी लावली, आवाज पूर्ण केला आणि पेटीवर पाण्यानं भरलेला पेला ठेवला. पाण्यावर साधा तरंग उठेना. मी स्वतःवर इतकी खूश झाले की त्या पेल्याचा फोटो काढून अनुपला पाठवला.

एक जुलैला पेटी मांडीवर घेऊन बसनं अकोल्याला गेले. आईनं बासुंदी-पुरी केली होती. बाबा दिवाणावर बसलेले. चादर बाजूला केली तेव्हा ते उठून उभे राहिले. झाकणावरच्या पिवळ्या अक्षरांवरून बोट फिरवलं, मग माझ्याकडे बघितलं. मी तबकडी ठेवली, सुई टेकवली. तबकडी फिरू लागली, गाणं सुरू झालं आणि आईनं डोळ्याला पदर लावला.

बाबांनी तबकडी फिरताना बघितली. मग ते खाली बसले आणि त्यांचा उजवा अंगठा पेटीच्या उजव्या कडेवरून सरकू लागला. पुढे, मागे, परत पुढे. काहीतरी शोधत होते. सापडलं नाही तेव्हा वाकले आणि चक्क त्या कडेला वरचे दात टेकवले.

मला हसू आलं. मग त्यांचा चेहरा दिसला आणि हसू गेलं. ते वाट बघत होते. डोळे मिटून, भुवया वर करून, अगदी श्वास धरून. अर्धं गाणं संपलं तरी तसेच. मग त्यांनी डोळे उघडले, दात सोडवले आणि हळूच म्हणाले, "मेली हे."

"चालून राहिली ना बाबा!" मी ओरडले. "बेस चालून राहिली!"

"नाई. याच्यातला जीव गेला." एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. सहा वर्षांतलं ते त्यांचं सगळ्यांत लांब वाक्य होतं.

मी चिडले. दीड महिना घासला, आणि कान गेलेला माणूस मला सांगतो की पेटी मेली! मी आईकडे वळले तर ती पेटीच्या उजव्या कडेकडे बघत होती.

"त्या कडेले दाताची खूण होती," ती म्हणाली. "तू बुजवली का?"

"थे तं उंदरानं..."

"उंदीर नाई व. थे होते."

मग तिनं सांगितलं. ऐकू येणं बंद झाल्यावर काही महिन्यांनी एका दुपारी बाबा पेटी पुसत होते. सवयीनं लावलेली तबकडी चालू होती, हनुवटी चुकून फळीला लागली, आणि त्यांना गाणं ऐकू आलं. कानातून नाही, हाडातून. दात लावले तर आणखी साफ. "म्हने दातातून डोक्यात उतरते. मंग रोज दुपारी दार लावून घ्याचे अन् पेटीले दात लावून बसाचे. पाच वर्सं. मी एकदा हासली तं मले शपथ घातली. म्हातारा लाकूड चावते म्हनतीन लोकं."

"अन् मंग?"

"मोटर जयली. दुरुस्तीले घेऊन गेलते एका दुकानात. थो मानूस म्हने, भयऱ्याले काहाले पायजे हे? तसेच वापस आले. तवापासून बोलत नाई."

"मले काहून नाई सांगतलं?"

"शपथ होती ना व. म्हनून तं म्हनलं, जशी होती तशीच कर."

मला कुठे तोंड लपवावं कळेना. सहा वर्षं आम्ही ज्याला वय म्हणत होतो ते वय नव्हतंच. माणसाच्या तोंडातून गाणं काढून घेतलं होतं, आणि तो कुणाला सांगू शकत नव्हता. आणि मी काय केलं? त्याचा रस्ता होता ती थरथरच मारून टाकली. अगदी निवडून, कौशल्यानं, पाण्याचा पेला ठेवून खात्री करून.

पर्समध्ये स्क्रू ड्रायव्हर आणि कानस कायम असतात. मी पेटी उलटी केली आणि रबरी पॅड उपटले. स्पीकरचं कडं काढून फेकलं. फेल्ट ओरबाडून काढताना नखं दुखावली, त्याचं काही नाही. शेवटी कानसीनं कडेची लांबी कोरायला घेतली. भुगा पडत गेला आणि खालून ती खाच वर आली. वरच्या चार दातांची, गुळगुळीत. पाच वर्षांच्या दुपारी तिथे होत्या. मला ती उंदरानं केलेली कशी वाटली, देव जाणे.

मोटर आणि स्पीकर परत थेट फळीला लागले. सुई टेकवल्याबरोबर अख्खी पेटी गुरगुरायला लागली. कारखान्यात अशी मशीन सोडली असती तर मला नोटीस मिळाली असती. मी बाबांचा खांदा हलवला. ते उठेनात. मग त्यांचा हात ओढून नेला आणि अंगठा त्या खाचेवर ठेवला.

ते झटकन उठून बसले. वाकले, दात टेकवले, डोळे मिटले.

आधी काहीच झालं नाही. मग त्यांच्या मानेवरची शीर हलली. उजव्या पायाचा अंगठा ताल धरायला लागला, आणि तालात, बरोबर तालात. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकेक करून सैल झाल्या. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी निघालं ते नाकाच्या कडेनं पेटीवर पडायला लागलं आणि त्यांनी पुसलं नाही. मी आईचा हात कधी धरला मला आठवत नाही.

कडव्यानंतर त्यांनी दात सोडवले. "माया."

"काय, बाबा?"

"हळू चालून राहिली हे."

 अकरा वर्षं ठार बहिरा माणूस मला सांगत होता की गाणं हळू चाललंय. मला चांगले दोन कान आहेत, मला काही कळलं नव्हतं. तबकडीला कागदाची चिठ्ठी चिकटवली, मोबाइलवर वेळ लावली आणि फेरे मोजले. तीन मिनिटांत शंभर व्हायला हवेत. सत्त्याण्णव झाले. शंभरात तीन फेरे कमी पडत होते, आणि ते या माणसाच्या दाताला लागले होते! चूक अर्थात माझ्या जाड ग्रीसची. सगळं पुसून दांड्याला शिलाई मशीनचं तेल सोडलं. शंभर भरले. बाबांनी दात टेकवले आणि मान हलवली. आता ठीक.

मग मला राहवलं नाही. त्यांच्या समोरच्या बाजूला बसले, दोन्ही कानांत बोटं खुपसली आणि डाव्या कडेला माझे दात लावले. सागवानाची आणि पॉलिशची चव आली, दात शिवशिवले. आणि मग गाणं माझ्या आत सुरू झालं. खोलीत नव्हतं ते, कुठूनही येत नव्हतं. कपाळाच्या मागे कुणीतरी उभं राहून गात होतं, आणि मध्येच त्यानं श्वास घेतला, तोसुद्धा मला आतून कळला. भिंगाखाली बघितलेली ती सरळ रेघ. मी डोळे उघडले तर समोर बाबांचे डोळे, पेटीच्या पलीकडे, हसणारे. आम्ही दोघं लाकूड चावत बसलो होतो आणि मला आयुष्यात इतकं मोठं काही मिळालं नव्हतं.

बाजू संपली. मी मोटर बंद केली, स्पीकर चालूच होता, आणि सुईही थांबलेल्या तबकडीवर तशीच टेकलेली. बाबा डोळे मिटून, दात लावून दुसऱ्या बाजूची वाट बघत होते. तबकडीवर वाकून पुढची गाणी वाचता वाचता मी आईला सहज म्हटलं, "आई, दात नाई का दुखत व बाबाचे?"

"नाई दुखत," बाबा म्हणाले.

त्यांचे डोळे मिटलेले होते.

 मी ओरडले नव्हते. माझं तोंड त्यांना दिसत नव्हतं. मग मला सुई दिसली, माझ्या ओठांपासून चार बोटांवर, आणि कळलं. जिनं रेघेतला आवाज उचलला तिला माझ्या आवाजानंही हलवलं होतं, आणि ती थरथर स्पीकरमधून फळीत उतरली होती. मी आणखी खाली वाकले आणि जितक्या हळू म्हणता येईल तितक्या हळू म्हटलं, "बाबा."

त्यांनी डोळे उघडले.  दात मात्र त्यांनी सोडले नाहीत.

"सरक," आई म्हणाली.

तिनं मला बाजूला केलं, पदर सावरला, पेटीसमोर मांडी घालून बसली आणि सुईशी तोंड नेलं. मग थांबली. माझ्याकडे वळून बघितलं.

"तू जाय बरं भाईर."

मी अंगणात आले आणि दार ओढून घेतलं. आमची गल्ली अरुंद आहे. अकरा वर्षं आईनं बाबांना जे जे सांगितलं ते ओरडून सांगितलं, आणि ते शेजारच्या गंगूबाईंपासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. जेवून घ्या, गोळी घ्या, नळ आला, माया आली. ओरडून सांगता येईल तेवढंच या नवरा-बायकोत उरलं होतं. बाकीचं सगळं आईनं कुठे ठेवलं होतं, मला कधी प्रश्नसुद्धा पडला नव्हता.

गंगूबाई ओट्यावर कोथिंबीर निवडत होत्या. "काय व माया, तुया आईचा आवाज नाई येऊन राहिला आज? बरं आहे ना?"

"बरं आहे," मी म्हटलं. "बोलून राहिली बाबांशी."

मी दाराला कान लावला. आतून काहीच ऐकू आलं नाही. मग मधेच बाबा मोठ्यानं हसले, आणि परत शांत झालं.